कुटुंबाला आधार, बालकाला संरक्षण

बालकावरील अत्याचार रुग्णालयात बहुधा मोडलेले हाड, भाजल्याची जखम किंवा उपासमारीने खंगलेले शरीर या रूपाने येतो. अमेरिकेतील डॉ. हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली अशा जखमांमागील कारणाकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले. जखम भरून येते. परंतु बालक ज्या घरी परत जाणार तेथील परिस्थिती तीच राहिली, तर उपचार अपुराच ठरतो.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील पाहणी प्रसिद्ध केली. तीनपैकी दोन बालकांना शारीरिक मार सोसावा लागल्याचे तीत आढळले. कुटुंबात मार खाणाऱ्या बालकांपैकी ८८.६ टक्के बालकांना तो आईवडिलांकडून मिळत होता. हे सारे पालक निर्दय असतात असे नव्हे. व्यसन, बेकारी, कर्ज, दीर्घ आजार, बाळंतपणानंतरचे नैराश्य यांचा भार एकट्याने वाहताना अनेकांचा धीर सुटतो आणि त्याची झळ घरातील सर्वांत दुबळ्या जिवाला लागते. अशा हलाखीतही बहुसंख्य पालक मुलांना जिवापाड जपतात. म्हणून मदतीने दारात जाताना संशय नव्हे, आपुलकी सोबत न्यावी.

वेळीच मिळालेल्या आधाराने काय साधते? न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत परिचारिका घरी जात असत. अशा कुटुंबांत पुढील पंधरा वर्षांत बालकाच्या छळाच्या व हेळसांडीच्या नोंदी जवळपास निम्म्या झाल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झाले.

आपल्याकडेही आशा कार्यकर्ती नवजात बाळाच्या घरी ४२ दिवसांपर्यंत ठरावीक भेटी देते. बाळाचे वजन पाहताना आईची उदासी तिच्या नजरेस पडू शकते. अंगणवाडी व पाळणाघर यांमुळे कष्टकरी आईला मूल सुरक्षित हाती सोपवता येते. एक पालक गमावलेल्या किंवा पालक गंभीर आजारी असलेल्या बालकांसाठी महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिचे अनुदान दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. बालकाला संस्थेत न पाठवता कुटुंबातच वाढवता यावे, हा तिचा हेतू. रुग्णांच्या नातेवाइकांनी याबाबत जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अवश्य चौकशी करावी.

मात्र सहानुभूती म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणे नव्हे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकास बंधनकारक केले आहे. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली १०९८ ही मदतवाहिनी आज देशभर, अहोरात्र व निःशुल्क उपलब्ध आहे.

शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या देणगीचे फळ डोळ्यांना दिसते. समाजसेविकेची गृहभेट, समुपदेशन, पाळणाघर यांवरील खर्चाचे फळ म्हणजे न झालेली जखम. ती कोणत्याही नोंदवहीत येत नाही. तरीही उदार दात्यांनी व विश्वस्तांनी या कार्यास उपचाराइतकेच मोल द्यावे, ही नम्र विनंती.