टोमॅटोचे रोप आणि नावाची चिठ्ठी

वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत परसबागेत वांगी व मिरची यांच्या जोडीला टोमॅटोची, म्हणजे इकडच्या बोलीतील भेदऱ्याची, दहा-वीस झाडे लावण्याचा प्रघात आहे. परंतु चिठ्ठीवर एक वाण व झाडावर दुसरेच फळ, असा अनुभव पुष्कळांना येतो. हे नुकसान लहान वाटले तरी त्यात कुटुंबाचा एक हंगाम खर्ची पडतो.

फसगत होते कशी?

टोमॅटोचे बी चपटे, लवदार व अतिशय बारीक असते. एका ग्रॅममध्ये सुमारे ३०० बिया मावतात. चपट्या, आंबट-रसाळ फळांचा ‘पुसा रुबी’ आणि लांबट, जाड गराचा ‘रोमा’ ह्यांचे बी शेजारी ठेवले, तरी जाणत्यालाही भेद सांगता येत नाही. उगवणशक्तीच्या चाचणीनेही वाण कळत नाही. बी जिवंत आहे एवढेच तीवरून समजते.

सप्टेंबरअखेर बी टाकल्यास फळे डिसेंबर-जानेवारीत दिसू लागतात. त्या वेळी चूक उमगून पुन्हा बी टाकले, तर फुलोरा मार्च-एप्रिलच्या उन्हात येतो. वर्ध्याच्या उष्ण्यात फुले गळतात व फळ धरत नाही. म्हणून खबरदारी आरंभीच घेतली पाहिजे.

दोष कोणाचा?

प्रत्येक वेळी विक्रेत्यास दोष देणे न्याय्य नव्हे. संकरित वाणाच्या फळातील बी घरी धरून लावल्यास पुढील पिढीतील झाडे एकसारखी येत नाहीत. शेणखतातून वा उकिरड्यातून आपोआप उगवलेली रोपेही वाफ्यात मिसळतात. मात्र मोहोरबंद पुडीतील बहुतेक झाडे भलत्याच वाणाची निघाली, तर चौकशी झालीच पाहिजे.

बियाणे अधिनियम १९६६ मध्ये झाला. त्याच्या व्याख्येत बियांबरोबर रोपांचाही समावेश आहे. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी, तर सत्यतादर्शक बियाण्याची हिरवी असते. प्रमाणित टोमॅटो बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. जून २०२३ मध्ये वर्ध्यालगत म्हसाळा येथे बनावट कापूस-बियाण्यांच्या साठ्यावर पोलिसांनी छापा घातला होता. केवळ आकर्षक वेष्टनावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे त्यावरून ध्यानी यावे.

काय करावे?

१. पावती घ्यावी, तीवर वाण व गट क्रमांक लिहिलेला असावा. रिकामी पुडी व थोडे बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे.

२. प्रत्येक वाफ्याशी लाकडी पट्टी रोवून तीवर वाण व पेरणीची तारीख शिसपेन्सिलीने लिहावी. शाई उन्हापावसाने उडते.

३. एका वाफ्यात एकच वाण लावावा. रोपे उपटताना दोन वाणांच्या जुड्या एकत्र ठेवू नयेत.

४. झाडाची वाढ पाहावी. बुटक्या वाणाचा शेंडा फुलोऱ्यात संपतो. त्याची बगलफूट खुडल्यास फळे घटतात. उंच वाणाचा शेंडा वाढतच राहतो. त्यास पाच-सहा फुटांची बांबूची काठी द्यावी व बगलफूट काढावी. चिठ्ठी काहीही सांगो, मशागत झाडाच्या स्वभावाप्रमाणेच करावी. असे केल्यास भलत्या वाणाचेही पीक हाती लागते.

५. बी धरावयाचे असेल तर सरळ वाणाच्या निवडक झाडांची पूर्ण पिकलेली फळे घ्यावीत व वेगळ्या लक्षणांची झाडे आधीच उपटावीत. गर एक-दोन दिवस आंबवून बी धुवावे, सावलीत सुकवावे आणि नावाची चिठ्ठी पुडीच्या आत व बाहेर अशी दोन्हीकडे घालावी.

तक्रार करावयाची झाल्यास झाडे शेतात उभी असतानाच पंचायत समितीच्या वा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा. पीक उपटल्यावर पाहणी कशाची करणार? बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक होय व तो ग्राहक न्यायमंचाकडे दाद मागू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच्या बैठकीत निळी व हिरवी चिठ्ठी प्रत्यक्ष दाखवावी आणि प्रत्येक घरी पुडी जपून ठेवली जाईल असे पाहावे. शंका आल्यास सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. पुडीची किंमत थोडी असली, तरी तिच्यावरील नाव खरे असणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे.