सीमेवरचं दुकान

अच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात. म्हणून तलासरीच्या दुकानदाराने जीएसटीचा एक नियम आधी समजून घ्यावा. फक्त मालविक्री असेल आणि वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर नोंदणी लागत नाही. पण सीमेपलीकडे भिलाडच्या टपरीला बिस्किटांचे चार बॉक्स पाठवले, की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी सक्तीची. दीड कोटींपर्यंतच्या कंपोझिशन योजनेत व्यापाऱ्याला १ टक्का कर पडतो; त्यालाही राज्याबाहेर माल विकता येत नाही. तिकडून खरेदी करायला मात्र आडकाठी नाही.

भांडवल : २ जुलै २०२१ पासून किरकोळ व्यापारीही उद्यम नोंदणीत आले, पण अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरतेच. नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. एजंटला एक रुपयाही देऊ नये. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजार, ‘किशोर’मध्ये ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं.

उधारी : खरी परीक्षा इथे आहे. भात झोडून झालं, दिवाळी सरली, की डहाणू-तलासरीतली कितीतरी आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर कामाला जातात आणि वहीतले पैसे ती परतेपर्यंत अडकतात. त्याआधीच साठा आवरता घ्यावा. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा जवळ आली की पुन्हा भरावा. आणि हिशेबाचं पान गिऱ्हाईकाला मोठ्याने वाचून दाखवावं, त्याची नक्कलही हातात द्यावी. वाचता न येणाऱ्या माणसाचा तो हक्कच आहे.