तेरावा आला, आणि शर्यत जिंकला

रिओ ऑलिंपिक चालू होतं, २०१६चा ऑगस्ट. सकाळच्या फिरण्यातल्या एका मित्राने पेपर पुढे केला. "अरे, तुझा तो दत्तू तेरावा आला म्हणे. होत्या तरी किती बोटी?"

"सहा," मी म्हटलं. "आणि तो त्यात पहिला आला."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. पण दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि रोइंगचा निकाल वाचायचा तर नेमकं हेच आधी समजून घ्यावं लागतं. मी कॉलेजात असताना पुण्यात मुळेच्या पाण्यावर कॉक्स होतो. कॉक्स म्हणजे बोटीतला तो एकमेव प्राणी, जो वल्हं मारत नाही, तोंड पुढे करून बसतो, सुकाणू धरतो आणि सगळ्यांवर ओरडतो. अंगाने किरकोळ होतो, म्हणून माझी निवड झाली. तेव्हापासून ऑलिंपिक असो की एशियाड, लोक क्रिकेटचा स्कोअर विचारतात आणि मी रोइंगचे निकाल शोधत बसतो.

तर, पाण्यावर एका वेळी सहाच बोटी धावतात. अंतर दोन किलोमीटर, सरळ रेषेत, दोन्ही बाजूंना तरंगत्या गोळ्यांची रांग. रिओत पुरुषांच्या एकेरी स्पर्धेत ३२ बोटी होत्या. पहिल्या फेरीत मागे पडलेल्यांना तिथे आणखी एक संधी मिळाली, तिला रेपेचाज म्हणतात. दोन्ही मिळून २४ जण उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. तिथे प्रत्येक शर्यतीतले पहिले तीन पदकाच्या वाटेवर राहतात. चौथा आला की पदक संपलं, पण स्पर्धा संपत नाही. त्याला पुढे आपल्यासारख्यांशीच लढून आपला क्रमांक ठरवावा लागतो. पहिले सहा क्रमांक ठरतात फायनल 'ए'मध्ये, सात ते बारा 'बी'मध्ये, तेरा ते अठरा 'सी'मध्ये, आणि असंच खाली. दत्तू भोकनळ उपांत्यपूर्व फेरीत चौथा आला आणि नंतर फायनल 'सी' जिंकला. म्हणून तेरावा.

आता वेळेची गंमत पाहा. पहिल्या दिवशी दत्तूने हेच अंतर ७ मिनिटे २१.६७ सेकंदांत कापलं होतं. आठवड्याभरात फायनलला लागली ६ मिनिटे ५४.९६ सेकंद. सत्तावीस सेकंदांचा फरक! माणूस तोच, बोट तीच. बदलला तो वारा. पहिल्या दिवशी रिओच्या त्या तलावात इतक्या लाटा होत्या की सर्बियाची एक जोडी चक्क उलटली. दुसऱ्या दिवशी तर वाऱ्यामुळे रोइंग रद्दच करावं लागलं. म्हणूनच या खेळात जागतिक विक्रम असं सहसा म्हणत नाहीत, 'जगातली सर्वोत्तम वेळ' म्हणतात. वेगवेगळ्या दिवसांच्या वेळा शेजारी ठेवून कुणाला शहाणं-वेडं ठरवण्यात अर्थ नसतो. शेजारच्या बोटीच्या किती पुढे, एवढंच खरं. तेही कधीकधी केसाच्या अंतराने. त्याच रिओत एकेरीच्या फायनल 'ए'मध्ये न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन, दोघांचीही वेळ ६:४१.३४ निघाली. बोटीच्या टोकाला एक छोटा पांढरा चेंडू असतो. तो कुणाचा आधी पोहोचला, हे फोटो बघून ठरवलं आणि सोनं ड्रायस्डेलला मिळालं.

दत्तूविषयी थोडं सांगितलंच पाहिजे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. हा कांद्याचा आणि दुष्काळाचा पट्टा. वडिलांबरोबर विहिरी खोदायची कामं त्याने केली. २०११मध्ये वडील गेले, घर त्याच्यावर आलं, आणि दुसऱ्या वर्षी तो सैन्यात भरती झाला. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये असताना उंची आणि ताकद बघून त्याला रोइंगकडे वळवलं. पाण्याची त्याला भीती वाटायची, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलं आहे. ज्या गावात पाणी बघायला विहिरीत साठ फूट वाकावं लागतं, तिथल्या पोराला दोन किलोमीटर पाणी आडवं पसरलेलं दिसल्यावर भीती वाटली नसती तरच नवल. दापोडीच्या लष्करी केंद्रात त्याने सराव केला, २०१६च्या वसंतात दक्षिण कोरियातल्या चुंग्जूला पात्रता स्पर्धेत रौप्य मिळवलं आणि रिओचं तिकीट काढलं. त्या ऑलिंपिकला रोइंगमध्ये भारताचा तो एकटाच होता. आई तेव्हा अपघातातून सावरलेली नव्हती.

दोन वर्षांनी एशियाड. यजमान इंडोनेशिया, पण रोइंग जकार्तात नव्हतं. ते सुमात्रा बेटावरच्या पालेम्बांगला, जकाबारिंगच्या तलावात झालं. २३ ऑगस्ट २०१८ला दत्तू एकेरीच्या फायनलला उतरला आणि सहावा, म्हणजे शेवटचा आला. तब्येत बिघडली होती. त्या दिवशी भारताच्या एकाही बोटीला पदक मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच दत्तू चौघांच्या बोटीत बसला.

या प्रकाराला क्वाड्रुपल स्कल्स म्हणतात. चार माणसं, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही, कॉक्स नाही. (मला हे कधीच पटलेलं नाही, पण असो.) सुकाणू एका खेळाडूच्या बुटाला तारेने जोडलेलं असतं. पाऊल जरा डावीकडे-उजवीकडे वळवायचं आणि त्याच पायांनी ताकदही लावायची. आणि सगळे बसलेले फिनिशकडे पाठ करून. मागे पडलेले दिसतात, पुढे गेलेला दिसत नाही.

पाहणाऱ्याला वाटतं, ही सगळी हातांची कमाल. हात शेवटी येतात. बसायची जागा चाकांवर सरकते. गुडघे छातीशी आणून पुढे सरकायचं, वल्ह्याचं पातं अलगद पाण्यात सोडायचं, मग पायांनी ढकलायचं, त्यानंतर पाठ, सगळ्यात शेवटी हात. पातं बाहेर काढून आडवं करायचं, म्हणजे वाऱ्याला अडत नाही, आणि पुन्हा पुढे सरकायचं. हे परत सरकणं सगळ्यात अवघड. तिथे घाई केली की चौघांचं वजन बोटीच्या उलट दिशेने धावतं आणि कमावलेला वेग बोट गमावते. ढोलपथकात एक ढोल जरासा मागे राहिला तर कानाला कळतं. इथे ते थेट बोटीला कळतं, ती एका अंगावर कलते. मिनिटाला छत्तीसच्या आसपास फटके म्हटले, तर सहा-सव्वासहा मिनिटांत सव्वादोनशे वेळा चौघांना हे एका क्षणी करायचं असतं.

स्वर्ण सिंग, दत्तू भोकनळ, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग या चौघांनी २४ ऑगस्टला ते केलं. वेळ ६:१७.१३. इंडोनेशिया ६:२०.५८, थायलंड ६:२२.४१. साडेतीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पण त्या वेगाने हिशेब करा: दुसरी बोट सुमारे अठरा मीटर मागे होती, आणि बोटीची अख्खी लांबी साधारण तेरा मीटर. इंडोनेशियाची बोट टोकाला पोहोचायच्या आत आपली पूर्ण बोट रेषेपार होती. आदल्या दिवशी शेवटचा आलेला माणूस त्यात होता. एकेरीत त्याचं दुखणं फक्त त्याचं होतं, चौघांत ते वाटलं गेलं, असं मला वाटतं. वैद्यकीय कारण डॉक्टरांना विचारा.

त्याच सकाळी दुष्यंत चौहानने लाइटवेट एकेरीत कांस्य मिळवलं, सलग दुसऱ्या एशियाडमध्ये. शर्यतीनंतर त्याला उभं राहवेना, स्ट्रेचर आणावं लागलं. लाइटवेट एकेरीत पुरुषाला साडेबहात्तर किलोंच्या वर जाता येत नाही, आणि वजन शर्यतीच्या जेमतेम तास-दोन तास आधी होतं. म्हणजे खाणं तोलून-मापून, पाणीसुद्धा मोजून, आणि मग दोन किलोमीटर. रोहित कुमार आणि भगवान सिंग यांनाही त्याच दिवशी लाइटवेट दुहेरीत कांस्य मिळालं.

पुढचं एशियाड नावाने २०२२चं, झालं मात्र सप्टेंबर २०२३मध्ये, हांगझोला. तिथे रोइंगमध्ये भारताची पाच पदकं: दोन रौप्य, तीन कांस्य. मी मात्र आठ जणांच्या बोटीवर नजर लावून होतो, कारण तिच्यात कॉक्स असतो. धनंजय उत्तम पांडे कॉक्स होता आणि बोट चीनच्या मागे तीन सेकंदांच्या आत पोहोचली: ५:४३.०१ विरुद्ध ५:४०.१७. त्या आठांतले चौघे, जसविंदर, भीम, पुनीत आणि आशिष, दुसऱ्या दिवशी चौघांच्या बोटीत पुन्हा उतरले आणि कांस्य घेऊन आले. या दुसऱ्या पदकाचं कौतुक मला पहिल्यापेक्षा जास्त वाटतं, पण पेपरात दोन्ही एका ओळीत उरकली गेली.

ऑलिंपिकचं पदक अजून दूर आहे. टोकियोत अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग अकरावे आले, पण ते लाइटवेट दुहेरीत. ती स्पर्धा पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून गेली. २०२८ला लॉस एंजेलिसजवळच्या लाँग बीचला शर्यतही दोन हजारांऐवजी पंधराशे मीटरची असेल, कारण तिथलं पाणीच तेवढं आहे. अंतर कमी म्हणजे आपल्याला सोपं, असं कुणी म्हणेल; मला उलट वाटतं. अंतर कमी झालं की ताकदीचं आणि उंचीचं महत्त्व वाढतं, आणि समोर आता फक्त धिप्पाड माणसं असणार. लांब हात म्हणजे लांब फटका, त्याला दुसरा उपाय नाही. तेव्हा घरात सहा फुटांच्या वर गेलेला मुलगा किंवा पावणेसहा फुटांची मुलगी असेल, आणि ते पोर रोज संध्याकाळी मोबाइल घेऊन सोफ्यावर पडलेलं असेल, तर एकदा जवळच्या बोट क्लबवर घेऊन जा. आधी पोहायला मात्र शिकवा.