बिननंबरची सायकल, बिननंबरचा ट्रक

ऊर्जानगरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. तेव्हापासून दुर्गापूर, तुकूम, पद्मापूर या भागातील रस्त्यांवर कामगारांच्या सायकली आणि कोळशाचे, राखेचे ट्रक एकमेकांना खेटून चालत आले आहेत. कायम नोकरीतील बांधवांच्या दारात मोटारसायकल आली, काहींकडे चारचाकीही आली. परंतु ठेकेदाराकडे जाणारा कामगार, वसाहतीत धुणीभांडी करायला येणारी भगिनी आणि शाळेत जाणारी मुले आजही सायकलवरच आहेत. या सायकलीमागे दोन संकटे लागलेली आहेत, एक चोर आणि दुसरा बेपर्वा चालक. आमच्या मते दोन्ही ठिकाणी आपण एकाच कारणाने हरतो. आपल्याकडे नंबर नसतो.

मोटारसायकल चोरीला गेली तर पोलीस काय करतात, ते वर्तमानपत्रात आपण नेहमी वाचतो. गुप्त माहिती मिळते, बनावट ग्राहक पाठवला जातो, सापळा रचला जातो आणि चोर गाडीसह हाती लागतो. चेसिस नंबर जुळला की मालकही सापडतो. सायकलीसाठी असा सापळा रचल्याचे आपण कधी ऐकले काय? उलट १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि सायकलवाल्याची बाजू आणखी पडती झाली. जुन्या दंडविधानात चोरी कितीही रुपयांची असो, गुन्हा दखलपात्र होता. नव्या कायद्यात कलम ३०३ खाली ५ हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी पहिल्यांदाच केली आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. अशी चोरी अदखलपात्र ठरते, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. गरीब पोराने पोटासाठी काही उचलले तर त्याला तुरुंगात सडवू नये, हा विचार आम्हाला मान्य आहे. पण ज्याची जुनी सायकल गेली तोही गरीबच आहे. तिची किंमत बाजारात दीड हजार असेल, घरात मात्र ती महिन्याच्या मजुरीएवढी असते. सायकल गेली की पहिल्या पाळीचा खाडा आलाच.

तेव्हा एवढे तरी करावे. बहुतेक सायकलींच्या सांगाड्यावर, सीटखालच्या नळीवर किंवा पायडलाच्या खाली, कारखान्याचा नंबर ठोकलेला असतो. तो खडूने घासून वाचावा, वहीत उतरवून रेशनकार्डासोबत ठेवावा, विकत घेतल्याची पावती जपावी. नवी सायकल ५ हजारांच्या वर असेल तर पावतीच फिर्याद दखलपात्र करते. आणि सायकल घराच्या आतून गेली असेल तर ते ठाण्यात आवर्जून सांगावे. राहत्या घरातील चोरीला कलम ३०५ लागते, तेथे ५ हजारांची अट नाही. अंगणात झोपणाऱ्या आपल्या वस्त्यांत रात्री सायकल आत घेण्याची सवय म्हणूनच बरी.

सापळ्याबद्दल आमच्या मनात एरवी फारसे प्रेम नाही. चोरी झाली की आधी झोपडपट्टीतील पोरे उचलायची, ही रीत आपण पिढ्यान्पिढ्या पाहिली. इंग्रजांनी १८७१ साली कायदाच करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि तो कायदा जायला १९५२ साल उजाडले. परंतु म्हणूनच सापळा चांगला, असे आम्ही म्हणतो. सापळ्यात माणूस कृती करताना सापडतो, जातीवरून किंवा वस्तीवरून नव्हे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांनी २०१३ मध्ये ठावठिकाणा सांगणारे यंत्र लपवून सायकली रस्त्यात उभ्या केल्या आणि चोर पकडले. एवढा खर्च आपल्याकडे नको, बनावट ग्राहक पुरे. मात्र बनावट ग्राहकाला चोर सापडतो तो खरे ग्राहक असतात म्हणूनच. पाचशे रुपयांत चांगली सायकल दारात येते तेव्हा ती कोठून आली हे आपण विचारत नाही. पंचशीलातील दुसरे शील दर पौर्णिमेला म्हणणाऱ्या घरात तरी हा प्रश्न विचारला जावा. कायद्यानेही चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

आता ट्रककडे वळू. चोरासाठी जो सापळा, तोच बेपर्वा चालकासाठी लावता येतो काय? इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या भागातील वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी २०१६ मध्ये तो लावून दाखवला. साध्या वेशातील पोलीस कॅमेरा लावलेल्या सायकलवर बसवला. जी मोटार त्याला दीड मीटरच्या आत घासून गेली, तिची खबर पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्याला दिली. त्याने गाडी थांबवून जमिनीवर अंथरलेल्या चित्राच्या चटईवर किती अंतर सोडायचे ते चालकाला समजावले. ऐकले नाही तर खटला. कोणाचा जीव जाण्याआधीच हे होते, हे त्यातले महत्त्वाचे. दुर्गापूर पोलीस ठाण्याने पाळी सुटण्याच्या वेळी असा एक शिपाई आठवडाभर सायकलवर पाठवावा, अशी आमची मागणी आहे. सायकल आम्ही देऊ.

मागणी अवास्तव वाटत असेल त्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील काटली आठवावे. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे पहाटे रस्त्याकडेला असलेल्या मुलांना ट्रकने चिरडले, ४ मुले गेली, ट्रक थांबला नाही. नवी मुंबईत २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे इंटेल कंपनीचे माजी अधिकारी अवतार सैनी यांना सायकलवर असताना टॅक्सीने उडवले, त्याची बातमी देशभर गेली. आपला कामगार गेला की चार ओळी येतात आणि त्यात दोन शब्द ठरलेले असतात, 'अज्ञात वाहन'.

त्या दोन शब्दांची किंमत ऐका. आपल्या भागात वाघाने माणूस मारला तर राज्य शासन वारसांना २५ लाख रुपये देते. वाघाचा नंबर कोणी विचारत नाही. अज्ञात वाहनाने मारले तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्राच्या योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५० हजार रुपये मिळतात. गाडीचा नंबर कळला तर मात्र मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणापुढे मृताचे वय आणि कमाई पाहून, विमा कंपनीकडून कितीतरी अधिक भरपाई मागता येते. अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा. म्हणून अपघात पाहिला की एकाने जखमीला धरावे आणि दुसऱ्याने आधी नंबर पाहावा. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस साक्षीसाठी अडकवू शकत नाहीत, मोटार वाहन कायद्याचे कलम १३४-अ त्याला संरक्षण देते.

चालकांविषयीही बोलले पाहिजे, कारण स्टिअरिंगवर आपलीच मुले आहेत. जखमीला दवाखान्यात पोचवणे आणि पोलिसांना कळवणे ही कलम १३४ ने चालकावर टाकलेली जबाबदारी आहे. अपघात करून पळणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या नव्या पोटकलमाविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला, आणि जुलैत संहिता लागू झाली ती ते पोटकलम बाजूला ठेवून. थांबलो तर जमाव मारील, ही त्यांची भीती खोटी नाही. जमावाच्या संतापामुळे थांबणे शक्य नसेल तर कलम १३४ ही तेवढी सूट देते, पण पुढच्या ठाण्यात जाऊन कळवणे त्यातून सुटत नाही. आणि जमावात आपण असतो. चालकाला मारू नका, गाडी अडवा, नंबर घ्या, पोलिसांना बोलवा. जिवंत चालक आणि उभी गाडी, यातच त्या विधवेची भरपाई आहे.

ट्रक सापडलाच नाही तर अर्ज तहसील किंवा उपविभागीय अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यायचा असतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात, वकील लागत नाही. गुन्हा नोंदल्यापासून महिनाभरात वाहनाचा पत्ता लागला नाही तर या योजनेची माहिती वारसांना लेखी द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये पोलीस ठाण्यांना बजावले आहे. ते पत्र आले नसेल तर दोघेचौघे मिळून ठाण्यात जावे आणि ते मागून घ्यावे.