बंदराला दोन तोंडं असतात

बालमित्रांनो, आधी एक कोडं सोडवा. असं कोणतं गाव आहे, जे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे, आपल्या पाचगणीपेक्षा थोडंच कमी उंचीवर आहे, आणि तरीही तिथं मोठं बंदर आहे?

डोकं खाजवू नका, सांगून टाकूया. त्या गावाचं नाव किसुमू. ते आफ्रिकेतल्या केनिया देशात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे. सरोवर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गावचा तलाव येतो, फार तर वैतरणेचं धरण. पण हे सरोवर आहे सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटरचं! आपला अख्खा पालघर जिल्हा, मोखाडा-जव्हारपासून डहाणू-वसईपर्यंत, त्यात बारा वेळा बसेल आणि तरी जागा उरेल. केनिया, युगांडा आणि टांझानिया असे तीन देश त्याच्या काठावर आहेत. त्यातल्या युगांडाला तर समुद्रच नाही. मग परदेशचा माल तिथं पोहोचायचा कसा?

रूळ असलेली बोट

त्यासाठी मोंबासा या समुद्रावरच्या बंदरापासून सरोवरापर्यंत रेल्वे बांधली गेली. काम सुरू झालं १८९६ साली, आणि १९०१ च्या डिसेंबरात रूळ किसुमूच्या काठाला टेकले. लांबी ९०० किलोमीटरहून अधिक. हे रूळ टाकले कुणी ठाऊक आहे? त्या वेळच्या हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे ३२ हजार मजुरांनी! त्यातले बरेचसे पंजाबातले होते. ताप, अपघात, जंगली जनावरं यांमुळे जवळजवळ अडीच हजार जण तिथंच मेले.

आणखी एक गंमत. सरोवरात चालणाऱ्या मोठ्या बोटी समुद्रातून तर येऊ शकत नव्हत्या. मग त्या इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये तयार करायच्या, सुट्या करायच्या, तुकडे-तुकडे करून आफ्रिकेत आणायचे आणि सरोवराकाठी पुन्हा जोडायचे. शाळेत तुम्ही चित्राचे तुकडे जुळवता ना, तसंच. फक्त तुकडे लोखंडाचे!

पुढे १९६० च्या दशकात तिथं ‘उहुरू’ आणि ‘उमोजा’ नावाच्या बोटी आल्या. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य आणि उमोजा म्हणजे एकी, बरं का! या बोटींच्या डेकवर चक्क रूळ आहेत. मालगाडीचे डबे इंजिनानं सरळ बोटीत ढकलायचे. बोट सरोवर ओलांडून युगांडातल्या पोर्ट बेलला जाते आणि डबे पलीकडच्या रुळांवर उतरतात. माल एकदाही हातानं उचलावा लागत नाही.

पण पुढं काय झालं ऐका. मागची रेल्वे मोडकळीला आली. माल ट्रकनं, सरोवराला वळसा घालून जाऊ लागला. १९९० च्या दशकात जलपर्णीनं सरोवराचा काठ गिळला. (उल्हास नदीवर हिरवा गालिचा पसरतो ना, तीच ही वनस्पती.) ‘उहुरू’ बोट दहा वर्षांहून अधिक काळ नुसती उभी राहिली. पाणी होतं, धक्का होता, बोट होती; पण बंदर झोपलं होतं. डागडुजी होऊन २०१९ च्या अखेरीस तेलाचे डबे घेऊन ती पुन्हा निघाली, तेव्हा कुठे त्याला जाग आली.

यावरून काय कळलं? बंदराला दोन तोंडं असतात. एक पाण्याकडे आणि दुसरं जमिनीकडे. दोन्ही उघडी असली तरच ते बंदर. एक जरी मिटलं तरी उरतो तो नुसता दगडी ओटा.

आपल्या जिल्ह्यातलं जुनं बंदर

‘हे सगळं दूर आफ्रिकेतलं झालं, आपल्याला काय त्याचं?’ असं म्हणाल, तर थांबा. आपल्या पालघर जिल्ह्यातच दोन हजार वर्षांपूर्वीचं एक नामांकित बंदर होतं. आज आपण त्या जागेला नालासोपारा म्हणतो. तेव्हाचं नाव शूर्पारक किंवा सोपारा. सुमारे १९०० वर्षांपूर्वी एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलेल्या प्रवासवर्णनात सोपारा आणि कल्याण ही नावं आहेत. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी या विद्वानांनी तिथला बौद्ध स्तूप खणून काढला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथं सापडला.

आज तिथं लोकल गाडी थांबते, गलबत नाही. खाडी गाळानं भरत गेली आणि व्यापार दुसरीकडे सरकला. म्हणजे किसुमूचं जमिनीकडचं तोंड मिटलं होतं, तर सोपाऱ्याचं पाण्याकडचं!

आता नवं बंदर येतंय

आणि आता त्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात वाढवण इथं एक नवं बंदर होऊ घातलं आहे. केंद्र सरकारनं १९ जून २०२४ रोजी त्याला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पायाभरणीचा समारंभ झाला. खर्चाचा अंदाज आहे ७६ हजार २२० कोटी रुपये. उरणजवळचं जे मोठं जवाहरलाल नेहरू बंदर आहे, त्याचा यात ७४ टक्के वाटा, आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा २६ टक्के.

वाढवणच का निवडलं? तर तिथं किनाऱ्यापासून फार दूर न जाता समुद्राची खोली सुमारे २० मीटर मिळते. म्हणजे सहा-सात मजली इमारत बुडेल इतकी! आजच्या मोठ्या जहाजांचा पाण्याखाली राहणारा भागच सोळा-सतरा मीटरचा असतो. उथळ बंदरात ती शिरली तर तळ टेकायचा.

या जहाजांवर असतात कंटेनर. महामार्गावर ट्रेलरच्या पाठीवर लांबलचक लोखंडी पेटी पाहिली असेल ना, तोच कंटेनर. मोजणीची पेटी २० फूट लांब, म्हणजे एसटीच्या साधारण निम्मी. पूर्वी गोदीत कामगार पोती आणि खोकी एकेक करून पाठीवरून उतरवायचे. एक जहाज रिकामं व्हायला कित्येक दिवस लागायचे. मग अमेरिकेतल्या माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्यानं विचार केला, की माल कशाला उतरवायचा? पेटीच उचलूया! २६ एप्रिल १९५६ रोजी ५८ पेट्या घेऊन त्याचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज निघालं, आणि जगातली सगळी बंदरं बदलून गेली. आज एकेका जहाजावर चोवीस हजार पेट्या मावतात.

वाढवणला अशा कंटेनरसाठी ९ टर्मिनल बांधायचं ठरलं आहे. प्रत्येकाची लांबी एक किलोमीटर. लाटा अडवायला समुद्रात दहा किलोमीटरहून लांब बांध घालायचा आहे. आणि १४४८ हेक्टर जागा चक्क समुद्रात भराव टाकून तयार करायची आहे. पूर्ण क्षमतेनं चाललं तर तिथं वर्षाला २ कोटी ३२ लाख पेट्यांची चढउतार होऊ शकेल. गणित करून पाहा बरं! एवढ्या पेट्या एकापुढे एक ठेवल्या, तर पृथ्वीला साडेतीन वेढे बसतील.

नाण्याची दुसरी बाजू

पण मित्रांनो, एवढं मोठं काम कुणालाही न दुखावता होत नाही. ज्या समुद्रात भराव पडणार, तिथं मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकत आले आहेत. आपल्याला जसं शेत, तसा त्यांना समुद्र. शेताला बांध असतो, सातबारा असतो. समुद्राला सातबारा नाही, मग नुकसान मोजायचं कसं? डहाणूची चिकूची वाडी तर तुम्हाला ठाऊकच आहे. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिथल्या बागायतदारांनाही हवापाण्याची काळजी वाटते.

डहाणू तालुका १९९१ सालीच पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १९९६ साली तिथं एक प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. वाढवणला बंदर करायचा बेत पहिल्यांदा पुढे आला, तेव्हा १९९८ साली या प्राधिकरणानं ‘नाही’ म्हटलं. पुढे २०२३ साली त्याच प्राधिकरणानं, अटी घालून, ‘हो’ म्हटलं. त्याविरुद्धचे अर्ज मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये फेटाळले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं. म्हणून बंदराची चित्रं पाहताना त्या चित्रात कोळ्याची होडी कुठे आहे, हेही शोधायला हवं.

आणि मोखाडा?

आता आपल्या दाराशी येऊया. मोखाड्यात समुद्र नाही, रेल्वे नाही. जव्हार, विक्रमगड, मनोर असा एसटीचा रस्ता हीच आपली वाट. पण बंदराचं दुसरं तोंड आठवतंय ना? ते आपल्याच दिशेला उघडणार आहे!

वाढवणपासून महामार्गावरच्या तव्यापर्यंत सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता बंदरासोबतच व्हायचा आहे. तिथून पुढे इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरला समृद्धी महामार्ग गाठणाऱ्या द्रुतगती मार्गाचा आराखडा राज्य सरकारनं पुढे आणला आहे. तवा ते भरवीर अंतर सुमारे १०५ किलोमीटर, आणि वाटेत डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे तालुके. म्हणजे नागपूरचा कापूस आणि नाशिकची द्राक्षं आपल्या डोंगरांतून बंदराकडे जातील.

‘वा, मग आपली चैन!’ असं लगेच म्हणू नका. जरा आपल्या पाण्याकडे पाहा. मोखाडा तालुक्यात कोचाळे इथं मध्य वैतरणा धरण आहे. शंभर मीटरहून उंच! २०१४ साली ते पूर्ण झालं. त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि मुंबईच्या लाखो घरांची तहान भागते. ते चांगलंच आहे. पण उन्हाळ्यात मोखाड्यातले कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात. धरण आपल्या अंगणात, नळ मात्र दुसऱ्याच्या घरात! रस्त्याचंही तसंच होऊ शकतं. द्रुतगती मार्गावर वाटेल तिथून चढता येत नाही. चढण्या-उतरण्याच्या जागा ठरलेल्या असतात. अशी जागा जवळ असली तर आपली नागली, वरई, मोगऱ्याची फुलं भराभर बाजारात पोहोचतील. नसली तर कंटेनर जाताना नुसता आवाज ऐकू येईल.

पालकांनो, हे दोन शब्द तुमच्यासाठी. आपल्याकडून दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वसई, भिवंडीकडे वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर जातात. पोरांची शाळा अर्ध्यावर सुटते. बंदराचं आणि रस्त्याचं काम सुरू झालं, की आणखी हात लागतील. त्या आफ्रिकेतल्या रेल्वेला ३२ हजार मजूर लागले. बंदराला मजूर लागतो तो बांधेपर्यंत. पुढची पन्नास वर्षं लागतात क्रेन चालवणारे, वायरमन, वेल्डर, डिझेल मेकॅनिक, संगणकावर पेट्यांचा हिशेब ठेवणारे, जहाज धक्क्याला लावणारे. ती कामं दहावी, बारावी, आयटीआय केलेल्या मुलामुलींना मिळतात. म्हणून ग्रामसभेत रस्त्याचा विषय आला, तर भरपाईच्या रकमेबरोबर हेही विचारा: चढायची-उतरायची जागा कुठे? शिकवणीची सोय कुठे? आणि कामाला जाताना पोराला शाळेत ठेवून जा.

करून पाहा

मुलांनो, एका मोठ्या कागदावर आपल्या जिल्ह्याचा नकाशा काढा. सोपारा, वाढवण, मनोर, तवा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा या जागा दाखवा. सोपाऱ्याजवळ गाळ भरलेली खाडी रंगवा आणि वाढवणजवळ एक जहाज. तिथून भरवीरपर्यंत तुटक रेघ ओढा. मग आपल्या गावाजवळ त्या रेघेवर एक छोटं दार काढा. हे दार खरंच असणार आहे का, हे घरी, शाळेत, ग्रामपंचायतीत विचारा. उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारा!