चिपखालच्या गोळ्या : मोबाइल दुरुस्तीतील रिबॉलिंग

मोबाइलच्या मुख्य बोर्डावरील प्रोसेसर, मेमरी, पॉवर आयसी यांसारख्या मोठ्या चिपांना बाजूने पाय नसतात. त्यांच्या पोटाखाली सोल्डरच्या सूक्ष्म गोळ्या ओळींनी मांडलेल्या असतात आणि या रचनेला बॉल ग्रिड ॲरे, दुकानाच्या भाषेत बीजीए, म्हणतात. दोन गोळ्यांच्या केंद्रांतील अंतर आजच्या फोनमध्ये अनेकदा ०.४ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. चिप काढून, तिच्याखालचे जुने सोल्डर साफ करून, नव्या गोळ्या घडवून ती पुन्हा बसवण्याचे काम म्हणजे रिबॉलिंग.

हे जोड किती नाजूक असतात, हे आयफोन ६ प्लसने चव्हाट्यावर आणले. २०१४ साली आलेल्या या लांबट, पातळ फोनचा बोर्ड वाकला की स्पर्श ओळखणाऱ्या चिपांखालच्या गोळ्यांना तडे जात. मग पडद्याच्या वरच्या कडेला करडी पट्टी लुकलुके, स्पर्श मधूनच बंद पडे, आणि फोन हातांनी किंचित पिळला की तात्पुरता चालूही होई. नोव्हेंबर २०१६ मध्ये सशुल्क दुरुस्तीची योजना जाहीर करताना ॲपलने फोन वारंवार पडणे आणि त्यानंतरचा ताण ही कारणे दिली, तर स्वतंत्र कारागिरांनी रचनेकडेच बोट दाखवले. त्याआधीच, २०१५ च्या आवृत्तीत, या चिपा मुख्य बोर्डावरून पडद्याच्या जोडणीत गेल्या होत्या, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

१ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने शिशावर निर्बंध घातल्यानंतर कारखान्यांत सोल्डरसाठी कथील, सुमारे ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबे यांचा मिश्रधातू रूढ झाला. तो सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळू लागतो. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेली पेस्ट अजून लाडकी आहे, कारण ती १८३ अंशांना एकदम वितळते व एकदम गोठते, मधली लगद्यासारखी अवस्था तिला नसते. कथील-बिस्मथचा मिश्रधातू तर १३८ अंशांनाच वितळतो, परंतु त्याचा जोड ठिसूळ असतो.

प्रत्यक्ष कामात आजूबाजूच्या भागांवर उष्णतारोधक टेप लावून, बोर्ड खालून आधी तापवून, धातूवरचा ऑक्साइड काढणारा फ्लक्स सोडून मग हॉट गनची हवा फिरवली जाते. सोल्डर पुरते वितळले की चिमट्याने हलकेच ढकललेली चिप पृष्ठताणामुळे आपोआप जागेवर परतते. ती अशी परतू लागण्याआधीच उचलणे म्हणजे बोर्डावरचे तांब्याचे ठिपके, म्हणजे पॅड, उपटणे. सर्वाधिक नुकसान होते ते पुढच्या, साध्या वाटणाऱ्या सफाईत : विणलेल्या तांब्याच्या वातीने जुने सोल्डर टिपताना वात थंड झाली आणि हात ओढला गेला, की पॅड तिच्याबरोबर निघतो व केसाएवढ्या तारेचा जंपर टाकण्याची पाळी येते. त्यानंतर भोके पाडलेली पोलादी जाळी चिपवर तंतोतंत बसवून, पेस्ट भरून, वरची निपटून, उष्णता दिली की गोळ्या तयार होतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ही साधने सहज मिळतात, म्हणून काम घरगुती वाटू लागते. पण उष्णता स्वस्त झाली म्हणून निदान स्वस्त झाले नाही. मल्टिमीटरने शॉर्ट न शोधता चिप नुसती तापवल्यावर फोन सुरू झाला, तर बहुधा तडा क्षणभर सांधलेला असतो, आणि यालाच कित्येकदा दुरुस्ती म्हणून पैसे घेतले जातात. जुन्या, निकामी बोर्डावरच्या लहान चिपांवर हात बसवणे घरी शक्य आहे, अर्थात धूर बाहेर जाईल अशी खिडकी हवी आणि शिशाची पेस्ट हाताळल्यावर हात धुतले पाहिजेत. प्रोसेसरचे प्रकरण निराळे आहे, कारण अनेक फोनांत त्याच्या डोक्यावरच रॅम रचलेली असते, म्हणजे गोळ्यांचे दोन थर एकाच उष्णतेत सांभाळावे लागतात. शिवाय आधुनिक फोनमधील साठवण ज्या किल्लीने कूटबद्ध असते तिची मुळे प्रोसेसरमध्ये असल्याने केवळ मेमरी चिप दुसऱ्या फोनमध्ये बसवून छायाचित्रे परत मिळत नाहीत. त्यासाठी प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही मूळ बोर्डावरून उतरवून, रिबॉल करून, तशाच दुसऱ्या बोर्डावर चढवावे लागतात.