ऋणकोच्या बाजूला कोण?

पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांचा जो उद्रेक झाला, त्याचा मुख्य रोख सावकाराच्या तिजोरीपेक्षा त्याच्या दप्तरावर होता. धान्याची दुकाने लुटली गेली हे खरे. परंतु पुढे आसपासच्या गावांत दंगा पसरत गेला तसतसे कर्जरोखे मिळवावेत आणि जाळून टाकावेत, हेच त्याचे स्वरूप राहिले. कुळाला वाचता येत नव्हते. रोख्यात काय लिहिले आहे, हे सावकार सांगेल तेवढेच त्याला ठाऊक असे आणि न्यायालयात तोच रोखा त्याच्यावर उलटे. कागदाने बांधल्या गेलेल्या माणसाने कागदावरच राग काढावा, यात नवल नव्हते.

या दंग्यांच्या चौकशीतून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा जन्मास आला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला, दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर होऊ लागले आणि पावती मागण्याचा हक्क कुळास लाभला. त्यातील एक तरतूद मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. सावकाराच्या बाजूने वकील उभा असेल आणि शेतकऱ्याची वकील देण्याची ऐपत नसेल, तर जिल्हा न्यायाधीशाच्या संमतीने सरकारी वकिलास अथवा अन्य योग्य माणसास त्याच्या बाजूने उभे करता येत असे. तरतूद ऐच्छिक होती. परंतु धनको व ऋणको यांच्या झगड्यात एका पक्षालाच कायदा कळत असेल तर न्याय होत नाही, ही कबुली तीत होती.

हक्क आहे, पण कोठे?

स्वतंत्र भारताने ही कबुली व्यापक केली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आले व मोफत विधीसाहाय्य हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता आणि इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत विनामूल्य वकील मिळू शकतो. जिल्ह्याच्या ठिकाणी प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे. म्हणजे यंत्रणेचा अभाव आहे, असे म्हणता येणार नाही.

उणीव आहे ती वेळेची. कर्जदार या यंत्रणेच्या दारात येतो तो बहुधा सर्व काही हातचे गेल्यावर. लहान कर्ज घेताना तो तारण म्हणून कोऱ्या धनादेशांवर सह्या करून देतो. हप्ता थकतो, धनादेश परत जातो आणि नोटीस येते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम न दिल्यास फौजदारी खटला उभा राहू शकतो व दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते १५ दिवस पैशाची जुळवाजुळव करण्यात, म्हणजे बहुधा दुसरे कर्ज काढण्यात, निघून जातात.

याउलट, जे संरक्षण कायद्याने त्याला दिले आहे तेही त्याला अज्ञातच असते. स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारे यांवर जप्ती येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करता येत नाही. केवळ फेडण्याची ऐपत नाही म्हणून ऋणकोस तुरुंगात टाकता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच दिलेला आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने परवान्याविना सावकारी हा गुन्हा ठरविला आणि कर्जापोटी खरेदीखत करून बळकावलेली जमीन चौकशीअंती परत करण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकास दिला. सूक्ष्म वित्तसंस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम घालून दिले. कुटुंबावरील सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत आणि कर्जाचा तपशील कर्जदारास समजेल अशा भाषेत द्यावा, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. हप्त्यासाठी दारात बसलेल्या वसुली प्रतिनिधीकडून या गोष्टी कळण्याची अपेक्षा अर्थातच व्यर्थ होय.

तडजोडीचे मेज

या उणिवेचे सर्वांत बोलके उदाहरण लोकअदालतीत दिसते. दावा दाखल होण्यापूर्वीची बँकांची थकबाकी प्रकरणेही तेथे निकालासाठी येतात. लोकअदालतीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षांचे वाद तेथे एका दिवसात मिटतात आणि दाव्यात भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. परंतु तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो व त्यावर अपील नसते. मेजाच्या एका बाजूस बँकेचा अधिकारी व त्याचा वकील, दुसऱ्या बाजूस रोजंदारी बुडवून आलेला एकटा कर्जदार, असे चित्र असेल, तर तडजोड या शब्दाला अर्थ काय उरतो? व्याज योग्य आकारले की नाही, दंडाची रक्कम कशी आली, भरलेल्या हप्त्यांची नोंद झाली की नाही, हे विचारणारे त्याच्या बाजूला कोणी नसते. तो पुन्हा एका कागदावर सही करतो, आणि तोही न वाचताच.

गरिबाला वकील मिळाला की तो कर्ज बुडवील, असा आक्षेप यावर घेतला जाईल. १८७९ च्या कायद्यावरही तो घेतला गेला होता. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखते लिहून घेण्याची पळवाटही शोधली होती. परंतु हिशेब तपासणे म्हणजे कर्ज नाकारणे नव्हे. जे खरोखर देणे आहे ते कोणत्या हप्त्याने झेपेल, हे सांगणारा सल्लागार धनकोच्याही हिताचाच असतो. न झेपणारा हप्ता कबूल करून घेतल्याने केवळ नवी थकबाकी निर्माण होते.

यास्तव तालुका समित्यांनी दोन गोष्टी तरी आग्रहाने कराव्यात. लोकअदालतीपुढे जाणाऱ्या प्रत्येक कर्जदारास आधी विनामूल्य वकील भेटावा आणि त्याने कर्जखाते पाहिल्याखेरीज निवाड्यावर सही घेतली जाऊ नये. तसेच बाजाराच्या दिवशी गावोगाव जाऊन नोटिसा व करारपत्रे वाचून दाखविण्याचे काम विधी स्वयंसेवकांवर सोपवावे. कायद्यात त्यासाठी बदल करण्याची गरज नाही. आहे तो कायदा वेळेवर पोहोचला पाहिजे, इतकेच. सुप्याच्या शेतकऱ्याला आपला रोखा वाचता आला नाही, म्हणून त्याने तो जाळला. त्याच्या पणतूला तो वाचून दाखवणारा माणूस देणे हे उपकार नव्हेत. घटनेने राज्यसंस्थेवर टाकलेले ते ऋण आहे, आणि त्याची मुदत केव्हाच टळून गेली आहे.